धाकटीची भूक

भात वाढताना आईचा हात माझ्या ताटावर लवकर थांबायचा. "पुरे झाला तुला," म्हणत ती उरलेला पळीभर भात माझ्या धाकट्या बहिणीच्या ताटात टाकायची. घरात मला मोठी म्हणत आणि तिला धाकली. मी अंगाने भरलेली होते, ती काटक. मी दोन घास जास्त खाल्ले तर माझ्या गालांवर दिसायचे. ती कितीही खायची आणि ते कुठे जायचं कुणाला कळायचं नाही.

आम्ही पोर्ट लुईच्या बेटावर, पितों गावात राहत होतो. बाबा साखर कारखान्यात चरकावर कामाला होते, आई घर सांभाळून मागच्या तुकड्यात वांगी-मिरच्या लावायची. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती ती. संध्याकाळी देवळामागच्या खोलीत मराठीचा वर्ग भरायचा, तिथे आम्ही दोघी जायचो. मला कविता पाठ असायच्या, तिला एकही येत नसे. पण वर्ग सुटला की गुरुजी तिच्याबद्दलच विचारायचे, "रविवारी धावणार काय गो तू?"

धाकली धावायची. कारखान्याच्या मैदानावर शाळांच्या शर्यती होत, त्यात ती पहिली आली नाही असं मला आठवत नाही. शर्यतीच्या दिवशी आई एका डब्यातून ग्लुकोजची पांढरी पूड काढून पाण्यात घालायची आणि पेला तिच्या हातात द्यायची. "ताकद येते," आई म्हणायची. तो डबा वरच्या फळीवर असे. एकदा घरात कुणी नसताना मी चिमूटभर पूड जिभेवर ठेवून बघितली. गोड होती, पण त्याहून जास्त थंड लागली, जीभ गार पडली. मला वाटलं, हिला आतून असं गार वाटत असेल म्हणून ही दमत नाही. मला कुणी कधी तो पेला दिला नव्हता. मला कुठे धावायचं होतं?

मग एक हिवाळा आला. ऊस तोडणीला आला होता, दिवसभर लॉऱ्या जायच्या आणि हवेत मळीचा वास असायचा. त्या हिवाळ्यात धाकलीची भूक वाढली. सकाळी अख्खा पाव एकटी खायची. दुपारी शाळेतून आली की थंड भातावर डाळ ओतून उभ्याउभ्या संपवायची. रात्री पुन्हा. आणि पाणी. मडकं भरून ठेवलं की तासाभरात तळ दिसायचा. शाळेच्या वाटेवर ती नळ दिसला की थांबायची आणि मला तिची वाट बघत उभं राहावं लागायचं.

इतकं खाऊन ती वाळत चालली होती. गळ्याची हाडं वर आली. आईने त्याचा एकच अर्थ काढला, की पोर वाढीच्या वयात आहे, धावते आहे, तिला अन्न कमी पडतं आहे. म्हणून माझ्या ताटातलं आणखी कमी झालं. दूध तिला. अंडं तिला. ग्लुकोजचा पेला आता शर्यत नसतानाही रोज मिळायला लागला. मी सगळं बघत होते आणि जळत होते. माझं वय पंधरा होतं, त्या वयात दुसऱ्याच्या ताटातलं बरोबर दिसतं.

आम्ही एका गादीवर झोपायचो. एका पहाटे ती माझ्याकडे तोंड करून झोपली होती आणि तिच्या श्वासाला गोड वास येत होता. पिकून उतरलेल्या अननसासारखा. मी जागी होऊन हुंगत राहिले. मग माझी खात्रीच पटली, की आई हिला माझ्या नकळत काहीतरी देते. फळ नाहीतर चिनी दुकानातल्या गोळ्या. दिवसभर ते माझ्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी जाऊन आईला विचारलं, "तू धाकलीला काय देतेस चोरून?"

"काय देते मी?"

"तिच्या तोंडाला वास येतो. अननसाचा. मला का नाही देत?"

आई माझ्याकडे बघत राहिली. "अननस कुठला आणला गो घरात?"

"मग वास कसला येतो? जा, बघ जाऊन."

आई हात पुसून आत गेली. मीही मागोमाग गेले, मला तिला पकडायचं होतं. धाकली अजून उठली नव्हती. आईने तिला हाक मारली, हलवलं. तिने डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. तिचा श्वास मोठमोठा चालला होता, नुकतीच शर्यत संपवून आल्यासारखा, आणि ती तर रात्रभर जागची हलली नव्हती. आई खाली वाकली, तिने वास घेतला, आणि बाहेर धावत गेली.

आमच्या गल्लीत एक नर्सबाई राहायच्या, दवाखान्यात कामाला. आई त्यांना घेऊन आली. येता येता आई सांगत होती, "मोठी म्हणते अननसाचा वास येतो. मला पण आला." नर्सबाईंनी दारातच विचारलं, "पाणी फार पिते काय?" आईने मान हलवली. नर्सबाई आत आल्या, धाकलीच्या तोंडाजवळ एकदाच वाकल्या आणि म्हणाल्या, "टॅक्सी बोलवा. लोपितालला, मोठ्या इस्पितळात न्या, आत्ता."

बाबांना कारखान्यातून बोलावलं. टॅक्सीत आई-बाबा आणि मध्ये घोंगडीत गुंडाळलेली धाकली. माझ्यासाठी जागा नव्हती. मला तेर रूज गावच्या आत्याकडे पाठवलं. तिथे मी काही दिवस राहिले, आणि खरं सांगायचं तर पोटभर जेवले, कारण आत्या वाढताना हात आखडत नसे. तिथेच मला कळलं, की धाकलीला साखरेचा रोग झाला आहे, म्हाताऱ्यांना होतो तसला नव्हे, लहान पोरांना होतो तो, आणि एक दिवस आणखी गेला असता तर ती वाचली नसती.

"वासावरून कळलं म्हणे," आत्या म्हणाली. "तुझी आई फार हुशार."

 वास मला आला होता. पण ते आता कुणाला सांगणार, आणि सांगितलं असतं तर मी का हुंगत होते तेही सांगावं लागलं असतं.

ती घरी आली ती राणी होऊनच. तिच्याबरोबर इन्सुलिनच्या बाटल्या आल्या, काचेची सिरिंज आली, पाव मोजायचा काटा आला. इन्सुलिन गार ठेवावं लागतं म्हणून बाबांनी कारखान्यातल्या एका साहेबाचा जुना फ्रिज मागून आणला. आमच्या गल्लीतला तो पहिला फ्रिज. शेजारच्या बायका बघायला आल्या. किती वर्षं मी बाटलीतलं गोड लिमोनाद गार करून प्यायला फ्रिज हवा म्हणून हट्ट करत होते, आणि तो आला तेव्हा त्यात मधोमध तिच्या बाटल्या उभ्या होत्या आणि लिमोनाद घरात आणायला बंदी झाली होती. तिला दिसेल म्हणून. साखरेचा डबा आईने कपाटात कुलपात ठेवला. त्या वर्षी गणपतीला नैवेद्यापुरते मोदक झाले, आणि आरती होताच आईने ते शेजारी वाटून टाकले.

"मला एक तरी ठेवायचास," मी म्हटलं.

"तिच्यासमोर कशी खाशील गो तू?" आई म्हणाली.

मी खाल्ला असता. मला काही वाटलं नसतं.

पहाटे आई सिरिंज उकळायची. धाकली बाही वर करून बसायची, आणि आई सुई टोचताना स्वतःचे ओठ आवळून धरायची. मग तिथे बोटाने चोळत बसायची, बराच वेळ. आईचा हात माझ्या अंगाला शेवटचा कधी लागला होता ते मला आठवायचं नाही.

लघवी तपासायचं काम मात्र माझ्याकडे आलं. आईला वाचता येत नव्हतं आणि धाकलीला किळस यायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर लघवीत साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फार झाली तर विटेसारखं तांबडं. मला ते काम आवडायला लागलं. रंग पालटताना बघायला आवडायचं, आणि तांबडा आला की आईला हाक मारायलाही आवडायचं. "काय खाल्लंस?" आई धाकलीला विचारायची, आणि मी दिवा विझवत ऐकत राहायची.

त्याच वर्षी शाळेत आम्हाला जीवशास्त्र सुरू झालं. शिकवणारे सर पोर्ट लुईहून बसने यायचे. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना पावाचा कोरडा तुकडा दिला आणि सांगितलं, "चावत राहा, गिळू नका." आम्ही हसत हसत चावत राहिलो. थोड्या वेळाने तो तुकडा गोड लागायला लागला. सर म्हणाले, पाव, भात, बटाटा, सगळ्यात ग्लुकोजच्या लांबलचक माळा आहेत. थुंकी त्या माळा तोडायला लागते म्हणून गोड लागतं. पोटात पूर्ण तुटतात, ग्लुकोज रक्तात जातं, रक्तातून अंगाच्या कणाकणात, आणि तिथे श्वासातल्या हवेबरोबर जळतं. त्यातून शक्ती येते. बाहेरचा ऊस काय करतो, तर ऊन पिऊन तीच साखर बनवतो. आपण ती खातो आणि तेच ऊन परत मोकळं करतो. "तुम्ही आत्ता हसलात," सर म्हणाले, "ते उसावरच्या उन्हानेच हसलात."

तास संपल्यावर मी त्यांच्या मागे गेले. विचारलं, एखाद्याच्या रक्तात साखर भरपूर असेल आणि तरी तो वाळत असेल तर? आणि श्वासाला अननसासारखा वास येत असेल तर?

सर थांबले. "घरात कुणी आहे काय?"

मी मान हलवली. मग त्यांनी व्हरांड्यातच उभं राहून सांगितलं. साखर रक्तात पोचते, पण पेशींत शिरायला तिला इन्सुलिन लागतं. ते नसेल तर बाहेर साखरेचा पूर आणि आत उपास. मग अंग स्वतःचीच चरबी जाळायला घेतं, स्वतःचं मांस खायला लागतं. तो वास त्या जळण्याचा. "मेंदूला तर बहुतेक ग्लुकोजच लागतं," ते म्हणाले. "म्हणून इन्सुलिन जास्त झालं, जेवण चुकलं, की माणूस वेड्यासारखा वागतो. घाम सुटतो, भांडतो. तेव्हा वाट बघायची नाही, साखर द्यायची."

त्या दिवशी मी घरी जवळजवळ धावतच आले. मला काहीतरी कळलं होतं जे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई वांगी खुडत होती. मी तिला तिच्या भाषेत सांगायला लागले. कारखाना बिघडला की फाटकाबाहेर लॉऱ्यांची रांग लागते ना, उसाने भरलेल्या? ऊस उन्हात वाळतो आणि आत चरक रिकामे पडतात. धाकलीच्या अंगात तसं झालं होतं. जेवढं वाढत होतीस तेवढी रांग वाढत होती. इन्सुलिन म्हणजे फाटक उघडणारा माणूस.

आई ऐकत होती. खुडणं थांबवून, माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, आता ती म्हणेल, मोठी माझी किती शिकली.

आईचे डोळे भरून आले. "म्हणजे ती एवढी खायची तेव्हा उपाशीच होती गो," ती म्हणाली, आणि टोपली तिथेच ठेवून घरात गेली, धाकलीकडे.

मी वांग्यांच्या तुकड्यात उभी राहिले. माझं शिकलेलंसुद्धा तिच्याच खात्यात गेलं.

वर्षं गेली. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. धाकलीचं धावणं सुटलं होतं, पण रूप सुटलं नव्हतं. ती माएबूर्गला मावशीकडे राहायला गेली आणि तिथल्या एका कापडाच्या दुकानात लागली. आता ऐंशीचं दशक लागलं होतं. टोचून घेणं, तपासणं, सगळं ती स्वतःच करायची. आई दर आठवड्याला मला म्हणायची, "बघून ये तिला." मी सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून जायची. तिथे तिचं निराळंच राज्य होतं. पॅंट घालायची, केस कापलेले, कोळणी तिला हाका मारायच्या, गिऱ्हाइकं तिलाच शोधत यायची. मी पितोंहून आणलेली भाजीची पिशवी धरून दुकानाच्या दारात उभी असायची.

असंच एका शनिवारी गेले. दुकानात लग्नाची खरेदी चालली होती, तिला दुपारी सुटायला उशीर झाला. बाहेर आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. आम्ही समुद्राच्या बाजूने मावशीच्या घराकडे निघालो. ती गप्प होती. मी शाळेतलं काहीतरी सांगत होते. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "तू सारखी का बोलतेस?"

"काय झालं?"

"सारखी का येतेस? बघायला येतेस? आई पाठवते बघायला?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि कपाळावर घाम होता, वारा असून. मी तिचा हात धरला तर तिने हिसडला.

"तू जेवतेस," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. "तू बसतेस आणि जेवतेस. बोटं चाटतेस. कुणी बघत नाही तुला. मला सगळे बघतात. घास घेतला की बघतात. मला तुझं ताट हवं होतं, बाय. लहानपणापासून. तुला कुणी विचारत नाही. किती बरं आहे तुझं."

मी हे सगळं ऐकत उभी राहिले. मला सरांचं बोलणं आठवत होतं, मला माहीत होतं की वेळ नाही, आणि तरी माझे पाय हलेनात, कारण असं काही ती पुन्हा कधी बोलणार नव्हती. मग तिचा गुडघा वाकला. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि समोरच्या गाडीवरून लिमोनादची बाटली ओढून घेतली. तिने पहिला घोट माझ्या अंगावर थुंकला. मासळी विकणारी एक बाई उठून आली, तिने काही न विचारता धाकलीचं डोकं मागून धरलं. "ब्वार, तिफी, ब्वार," ती म्हणत होती. पी पोरी, पी. मी घोट घोट ओतत राहिले.

थोड्या वेळाने तिचे डोळे माझ्यावर स्थिरावले. ती आपल्या ओल्या ब्लाउजकडे आणि माझ्या ओल्या साडीकडे बघत राहिली. "साखर कमी झाली काय?" तिने विचारलं. अगदी साधा, तिचा नेहमीचा आवाज.

"हो."

"काय बोलले मी? मला काही आठवत नाही."

"काही नाही," मी म्हटलं. "भांडत होतीस."

आम्ही मावशीकडे जाऊन जेवलो. त्या दिवशी मला अन्नाला फार चव लागली. ती काट्यावर पाव मोजत होती आणि मी तिसऱ्यांदा भात घेतला, आणि ती बघते आहे काय ते मी बघितलं. बघत होती. इतकी वर्षं मी तिच्या ताटाकडे डोळे लावून होते आणि ती माझ्या. परतीच्या बसमध्ये मला ते आठवून हसू आलं, आणि मग वाईट वाटलं, की हिचा हेवा करायचं आता सोडावं लागणार.

तो काही सुटला नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. मुलगा तेर रूजचा, आत्याच्या ओळखीतला, सगळं सांगूनसवरून झालेलं लग्न. त्याने इंजेक्शन द्यायला शिकून घेतलं. मी त्यांच्याकडे गेले की तो घड्याळात बघून स्वयंपाकघरातून तिला विचारायचा, "जेवलीस काय गो?" असं मला कुणी विचारत नव्हतं. माझं लग्न झालं नाही. ठरता ठरता राहिलं आणि मग मीच विषय बंद केला.

माएबूर्गची गोष्ट मी तिला पुढे एकदा सांगितली. तिच्या अंगणात डाळ निवडत बसलो होतो. वाटलं होतं ती नाही म्हणेल, किंवा म्हणेल साखर कमी असताना माणूस काहीही बरळतो.

ती निवडत राहिली. "खरंच आहे," ती म्हणाली. "तू मोदक मागितलास तेव्हा मला तुझा एवढा राग आला होता. तू मागू तरी शकत होतीस."

"मला तुझा रोजच यायचा."

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "गादीवर पाठ करून झोपायचीस."

त्यानंतर आमच्यात एक खोड पडली. मी कुठल्या लग्नाला जाऊन आले की ती मला बसवते आणि विचारते, काय काय होतं? मी सांगते. पहिल्यांदा काय वाढलं, खीर दाट होती की पातळ, वर काय घातलं होतं, मी किती घेतली. काही गाळत नाही. ती डोळे मिटून ऐकते. मध्येच म्हणते, "हळू सांग." मी हळू सांगते. आणि घरातून तिचा नवरा हाक मारतो, वेळ झाली म्हणून, तेव्हा ती उठून जाते आणि मी अंगणात बसून राहते, तो तिला आत काय म्हणतो आहे ते ऐकत.